पार्सनिप चालतं का

महाशिवरात्रीच्या सकाळी वेकफिल्डमध्ये
नळाचं पाणी बोटं कापतं.
मी रताळी घासतोय भांड्यांच्या ब्रशने,
आणि खुर्चीतून कुमुद म्हणते,
खरकटा आहे तो.

नवा काढला.

छत्तीस वर्षं तिने सोमवार धरले, एकादश्या धरल्या.
मी लीड्स रोडवर बस चालवली
आणि रात्री येऊन तिच्या उपासाची खिचडी
ताटभर खाल्ली, वर दोन पोळ्या.
दुप्पट खाशी, एवढंच म्हणायची.

आता उपास डॉक्टरांनी काढून घेतलाय.
आठवड्यातून तीनदा, चार-चार तास,
रक्त हातातून बाहेर जातं, धुऊन परत येतं.
बटाटा नको, रताळं नको, केळं नको,
पाणीसुद्धा मापून.
त्यांनी हातात दिलेला मनाईचा कागद
वाचला तर तिच्या फराळाचीच यादी.

या वर्षी मी धरतो, म्हणालो.
ती हसली. मग हसायची थांबली.
जमेल तुम्हाला?

साल काढू नका. पेराएवढे तुकडे करा.
तूप. जिरं. सैंधव वरच्या फळीवर.
हळद नाही. हळद नाही म्हटलं ना.
माझा हात अर्ध्या वाटेवरून परत आला.
एक रताळं आख्खं राहू दे, म्हणाली,
कशाला ते नाही सांगितलं.
तिच्या माहेरी आरात पुरून भाजत.
इथे आर नाही, आकडा आहे: दोनशे.

तेवढ्यात मागच्या दारी डेरेक,
बुटांना चिखल, वर्तमानपत्रात गुंडाळलेली
त्याच्या वाफ्यातली पार्सनिपं,
पांढरट, म्हाताऱ्या बोटांसारखी.
दोन कडक थंड्या खाल्ल्यात यांनी, म्हणाला,
गारठल्याशिवाय गोड होत नाहीत.
जमिनीखालचं चालतं ना आज?

चालतं. म्हणजे सगळं नाही.
कांदा नाही, लसूण नाही, मुळा नाही.
गाजर?
गाजराबाबत आमच्यात दोन मतं आहेत.
आणि बटाटा?
बटाटा चालतो.
पण तो तर समुद्रापलीकडून आला,
तुमच्याकडेही, आमच्याकडेही. त्याआधी काय खात होता?

मी कुमुदकडे पाहिलं, कुमुदने खिडकीकडे.
खरंच, कुणी पाट मांडला असेल याला?
कुठल्या सुनेने पहिल्यांदा विचारलं, चालतं का,
आणि नेमकी तेव्हाच
सासूलाही भूक लागली होती?

इस्लामपूरला फोन. कुमुदची धाकटी बहीण.
मुळ्यासारखं असतं गं, पण गोड.
मुळा नाही चालत.
बरं, गाजरासारखं, पण पांढरं.
मग आमटीत घाल उद्या, म्हणाली, कुकर होतोय माझा.

डेरेक अजून उंबऱ्यावरच, टोपी हातात.
कुमुदने एक मूळ उचललं,
सुया टोचून फुगलेल्या त्या हातानेच,
आणि नाकाशी धरून बसली, बराच वेळ.
ओल्या मातीचा वास आहे, म्हणाली,
आणि खाली कुठेतरी जायफळ.
एक घाला. देवाला आधी दाखवा,
त्यालाही कळू दे आपण कुठे राहतो.

पाऊण तास. काच घामेजली.
रताळ्याचा पाक सालीतून फुटून
ट्रेवर काळा पडला, कडा चुरचुरल्या,
आणि माझ्या पोटात सकाळपासून जे ओरडत होतं
ते एकदम गप्प झालं.

सांगा, कसं लागतंय.
मी फुंकर न घालताच तोंडात टाकलं.
भाजलं, म्हणालो. जीभ.
पार्सनिप?
थोडं कडू. मग नाही.
सैंधव कमी पडलंय, ती म्हणाली,
वासावरून कळतं.

अडीचला इस्पितळाची गाडी येते.
तिला स्वेटर घातला, वर शाल.
त्या यंत्रावर फार गार पडतात बोटं,
हे ती मला आजवर बोलली नव्हती.
आख्खं रताळं पंच्यात गुंडाळून मागितलं,
दोन्ही तळव्यांत धरलं,
आणि दाराशी उभी राहिली,
खायचं नसलेलं काहीतरी
हातात घट्ट धरून.